सोंगटी ९८ वर आणि फाशावर पाच: खेळातून टेस्टिंग शिकताना

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)

विषयाकडे वळण्याआधी एक प्रश्न. सापशिडीचा डाव रंगात आलाय. तुमची सोंगटी ९८ वर आहे आणि फाशावर पाच पडले. आता काय?

काही घरांत सोंगटी जागची हलत नाही, बरोबर दोनच पडायला हवेत. काही घरांत ती शंभरला शिवून उरलेली तीन घरं मागे येते, म्हणजे ९७ वर. आणि धाकटी भावंडं खेळत असतील तर "शंभरच्या पुढे गेलो, जिंकलो!" हाही नियम चालून जातो. तिन्ही घरांत पट तोच, फासा तोच. भांडण होतं ते नियम आधी ठरवला नव्हता म्हणून. डाव मांडतानाच एखादी पोरगी म्हणाली ना, "थांबा, शेवटी जास्त पडले तर काय ते आत्ताच सांगा", तर समजा तिच्यात सॉफ्टवेअर टेस्टर दडलेला आहे. तिने अजून काहीच चालवून बघितलेलं नाही. तरी नियमात कुठे भोक आहे ते तिला दिसलं.

तर आजचा विषय हा: टेस्टिंग मुलांना खेळातून कसं शिकवता येतं, आणि मुळात का शिकवावं.

आधी का ते बघू. आपल्याकडे टेस्टिंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो क्लास. पुण्यात तर गल्लोगल्ली पाट्या आहेत. बीसीए झालं, बीएस्सी झालं, कोडिंग जमत नाही असं कुणीतरी सांगितलं, मग "टेस्टिंग कर, सोपं असतं". तिथे व्याख्या पाठ होतात. व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशनमधला फरक, ब्लॅक बॉक्स, व्हाइट बॉक्स, सगळं घडाघडा येतं. मग मुलाखतीत समोरचा माणूस खिशातलं पेन टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "हे टेस्ट करून दाखवा." आणि गाडी तिथेच अडते. कारण पेन टेस्ट करायला व्याख्या लागत नाही. हे कोण वापरणार, कुठे वापरणार, काय झालं तर ते बिघडलं असं म्हणायचं, हे विचारायची सवय लागते. ती बाविसाव्या वर्षी तीन महिन्यांच्या क्लासमध्ये लावणं अवघड जातं. दहाव्या वर्षी मात्र ती जवळपास फुकट मिळते, कारण त्या वयात प्रश्न विचारायची लाज वाटत नसते.

आता पहिला खेळ. याला कागद, पेन्सिल आणि एक गुपित पुरतं.

मी मनात एक नियम धरलाय. तीन आकड्यांचा. २, ४, ६ हे त्रिकूट त्या नियमात बसतं. तुम्ही मला दुसरी त्रिकुटं सांगायची, मी फक्त "हो" किंवा "नाही" म्हणणार. खात्री झाली की नियम सांगायचा.

लोक काय करतात? ८, १०, १२ विचारतात. हो. २०, २२, २४. हो. १००, १०२, १०४. हो. मग विजयी मुद्रेने सांगतात, "दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या!" उत्तर चूक. नियम इतकाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ५० सुद्धा चाललं असतं. पण ते कुणी विचारलंच नाही.

हा प्रयोग पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये केला आणि १९६० मध्ये छापला. २९ जणांपैकी फक्त ६ जणांनी पहिल्याच घोषणेत बरोबर नियम सांगितला. बाकीच्यांची बुद्धी कमी होती असं नाही. ते "हो" गोळा करत बसले. आपल्याला जे वाटतंय ते बरोबर ठरेल असेच प्रश्न विचारत राहिले. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूसही नेमकं हेच करतो. त्याने लॉगिनचा फॉर्म बनवला की तो बरोबर नाव टाकतो, बरोबर पासवर्ड टाकतो, आत जातो आणि म्हणतो, चालतंय. टेस्टरचं काम तिथून सुरू होतं: माझी समजूत खोटी ठरेल असा प्रश्न कोणता?

हा खेळ मुलांबरोबर खेळताना एक बदल करा. प्रत्येक त्रिकूट विचारण्याआधी कागदावर अंदाज लिहायचा, "हो येईल" की "नाही येईल". आणि गुण मिळणार अंदाज चुकला तरच. बघा काय होतं ते. शाळेत चुकलं की गुण जातात, इथे चुकलं की मिळतात. पहिली पाच मिनिटं मुलं गोंधळतात. मग ६, ४, २ येतं, ५, ५, ५ येतं, उणे आकडे येतात, एखादा पठ्ठ्या अपूर्णांक घेऊन येतो. टेस्टिंगच्या भाषेत याला अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल म्हणतात. व्याख्या न सांगता मुलांच्या हाताला ते वळण पडतं.

आणि हो, कुणीतरी मुद्दाम उलटा अंदाज लिहून गुण लाटणार, हे धरूनच चाला. त्याला ओरडू नका. त्याने तुमच्या खेळाच्या नियमातला बग शोधलाय. त्याला दोन गुण जास्त द्या आणि सगळ्यांनी मिळून नियम दुरुस्त करा, उदाहरणार्थ अंदाजापुढे कारणही लिहायचं.

दुसरा खेळ मला सगळ्यात जास्त आवडतो. एसटीचा कंडक्टर.

एक मूल कंडक्टर होतं, म्हणजे खरं तर तिकिटाचं मशीन. नियम फळ्यावर सगळ्यांना दिसेल असा लिहायचा. खेळापुरता आपण असा घेऊ: ५ वर्षांखाली मोफत, ५ ते १२ अर्धं तिकीट, त्यापुढे पूर्ण. बाकीचे एकेक वय सांगतात, मशीन उत्तर देतं. पण मशीनला आधी एक चिठ्ठी दिलेली असते, आणि तिच्यात एक बिघाड लिहिलेला असतो. म्हणजे "१२ वर्षांच्याला पूर्ण तिकीट दे", किंवा "५ वर्षांच्याला मोफत सोड". प्रवाशांना मिळून आठ प्रश्न. आठ प्रश्नांत बिघाड सापडला तर प्रवासी जिंकले, नाहीतर मशीन.

पहिल्या डावात मुलं वाटेल ते विचारतात. ३, ८, ९, १०, ३०, ४०, ४१. बिघाड सापडत नाही. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ८, ९, १० ही तिन्ही वयं विचारून काही मिळत नाही, ती एकाच डब्यातली आहेत. प्रत्येक डब्यातून एकच विचारू आणि उरलेले प्रश्न डब्यांच्या कडांवर खर्च करू: ४, ५, १२, १३. हा क्षण बघण्यासारखा असतो. पुस्तकात यासाठी दोन जडजड नावं आहेत, समतुल्य वर्ग आणि सीमामूल्य. पोरांना ती नावं नंतर सांगितली तरी चालतात. आधी कड सापडली पाहिजे.

मग खेळ थोडा अवघड करायचा. एसटीत २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे आणि २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. आता ७६ वर्षांच्या आजी गाडीत चढल्या. मशीनने आधी कुठला नियम तपासायचा? आधी "महिला" बघितलं तर अर्धं तिकीट फाडलं जाईल, आधी वय बघितलं तर मोफत. दोन नियम वेगवेगळे तपासले तर दोन्ही बरोबर दिसतात. चूक असते ती दोघांच्या सांध्यात. ही गोष्ट ज्या मुलाला अकराव्या वर्षी कळली, त्याला पुढे सवलतीचे कूपन आणि कॅशबॅक एकत्र लावल्यावर बिल का गंडतं हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

कड म्हणजे काय हे मोठ्या मुलांना दाखवायचं तर पॅकमॅनची गोष्ट सांगा. १९८० चा खेळ. त्यात पातळी मोजणारा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला होता, आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. कोणी २५६ व्या पातळीपर्यंत पोहोचेल असं बनवणाऱ्यांना वाटलं नसावं. लोक पोहोचले. तिथे पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं आणि आकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो आणि पुढे खेळता येत नाही. तशीच कड यूट्यूबलाही २०१४ मध्ये लागली. 'गंगनम स्टाइल' या गाण्याचे व्ह्यूज २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे निघाले. हा ३२ बिटच्या आकड्याचा शेवट. यूट्यूबला तो मोजणारा आकडा ६४ बिटचा करावा लागला. फळ्यावरच्या १२ आणि १३ चीच ही भावंडं आहेत.

आता जरा कंडक्टरच्या चिठ्ठीकडे परत बघू. चिठ्ठीत आपण मुद्दाम बिघाड घातला होता ना? ही नुसती खेळातली युक्ती नाही. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात, आणि ही कल्पना संशोधनात १९७० च्या दशकापासून आहे. तुमच्या चाचण्या चांगल्या आहेत की नाही हे कसं कळणार? चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक छोटी चूक पेरा आणि बघा, चाचण्या ओरडतात का. समजा प्रोग्रॅममध्ये लिहिलंय "वय ५ पेक्षा कमी असेल तर मोफत". ते बदलून केलं "५ किंवा ५ पेक्षा कमी". तुमच्या चाचण्या ३, ८ आणि ४० या वयांच्या असतील तर सगळ्या हिरव्या दिसतील. सगळं बरोबर चाललंय असं वाटेल. बदल पकडेल ती फक्त एकच चाचणी, वय ५ ची.

या कल्पनेवर एक खराखुरा ऑनलाइन खेळ आहे, कोड डिफेंडर्स. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठात होजे मिगेल रोहास आणि गॉर्डन फ्रेझर यांच्या कामातून तो आला, पुढे जर्मनीतल्या पासाऊ विद्यापीठातही टेस्टिंगच्या अभ्यासक्रमात वापरला गेला. दोन गट असतात. हल्लेखोर जावाच्या कोडमध्ये बारीक बारीक चुका पेरतात, म्हणजे म्युटंट बनवतात. बचाव करणारे चाचण्या लिहून ते म्युटंट मारतात. जितका जास्त वेळ म्युटंट जिवंत राहील, तितके हल्लेखोराला गुण.

त्यात एक मजेशीर पेच आहे. हल्लेखोराने असा बदल केला की ज्याने काहीच बदलत नाही, तर? वय पूर्ण आकड्यांत असेल तर "५ पेक्षा कमी" आणि "४ किंवा ४ पेक्षा कमी" यांत फरक काहीच नाही. असा म्युटंट कुठलीच चाचणी मारू शकत नाही. मग बचाव करणारा म्हणतो, हा खोटा आहे, आणि हल्लेखोराला आव्हान देतो. हल्लेखोराने एकतर स्वतःच तो मारणारी चाचणी लिहून दाखवायची, नाहीतर हार मानायची. मला हा भाग फार आवडतो, कारण इथे आवाज चढवून काही होत नाही. पुरावा द्यावा लागतो.

कोड डिफेंडर्स हे कॉलेजच्या मुलांचं काम, जावा यावं लागतं. पाचवी-सातवीच्या मुलांसाठी मधली पायरी म्हणजे स्क्रॅच. ठोकळे जोडून खेळ बनवायचं हे साधन एमआयटीने २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि ते फुकट आहे. तिथे "नवीन खेळ बनवा" असं न सांगता एक तयार खेळ द्या, ज्यात चार बग तुम्ही पेरलेत. मांजर एकट्या बाणाने भिंतीला अडते, पण दोन बाण एकदम दाबले की आरपार जाते. आणखी एक बग तर पेरावाही लागत नाही. स्क्रॅचमध्ये हिरवा झेंडा दाबून खेळ पुन्हा सुरू केला तरी गुण आपोआप शून्य होत नाहीत, तसं वेगळं सांगावं लागतं. मुलं स्वतःच्या खेळात हे विसरतातच. मग दुसऱ्याने खेळायला घेतल्यावर पहिल्याचे ४० गुण तसेच दिसतात आणि वर्गात आरडाओरडा होतो.

इथे आपण बग शोधण्याच्या निम्म्या कामापर्यंत आलो. उरलेलं निम्मं काम म्हणजे तो सांगणं, आणि तिथे मोठी माणसंही कच्ची असतात. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा मेसेज येतो, "ॲप चालत नाही." कुठलं ॲप? काय केल्यावर? काय दिसतंय? पत्ता नाही.

म्हणून कंडक्टरच्या खेळाला एक शेपूट जोडा. ज्या गटाला बिघाड सापडला त्याने तो एका चिठ्ठीवर लिहून दुसऱ्या गटाला द्यायचा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. दुसऱ्या गटाने चिठ्ठी वाचून एकाच प्रयत्नात तोच बिघाड पुन्हा दाखवला तर दोन्ही गटांना गुण. पहिल्या फेरीत चिठ्ठ्या येतात त्या अशा: "कंडक्टर चुकतोय", किंवा "सोहम चीटिंग करतोय". दुसऱ्या फेरीपर्यंत त्या अशा होतात: "वय १२ सांगितलं. पूर्ण तिकीट दिलं. नियमाप्रमाणे अर्धं हवं." यात सोहमचं नावच नाही हे बघा. चूक मशीनची आहे, माणसावर बोट नाही. ऑफिसात टेस्टर आणि डेव्हलपर यांच्यात जे खटके उडतात, त्यातले बरेचसे पहिल्या प्रकारच्या चिठ्ठ्यांमुळे उडतात.

आता मागच्या भागानंतर आलेला एक प्रश्न घेतो. एका ताईंनी विचारलंय, मुलांना सारखं दुसऱ्याच्या चुका काढायला शिकवलं तर ती किरकिरी होणार नाहीत का?

ताई, प्रश्न बरोबर आहे, आणि धोका खरा आहे. तो येतो मुख्यतः गुण मोजण्याच्या पद्धतीतून. "जो जास्त बग शोधेल तो जिंकला" असा नियम ठेवला की मुलं एकच बग दहा प्रकारे लिहून देतात. बटणाचा रंग आवडला नाही, हाही बग होतो. हे मुलांपुरतंच आहे असं समजू नका. पगारवाढ बगच्या संख्येवर ठरवली तर मोठी माणसं अगदी हेच करतात. माझं मत असं, की संख्येला गुण देऊच नयेत. बिघाड दुसऱ्याला पुन्हा दाखवता आला का, आणि तो दुरुस्त झाल्यावर खेळ खरंच सुधारला का, याला द्यावेत. आणि भूमिका दर डावाला बदलाव्यात. जो आज बग शोधतोय, उद्या त्याच्याच खेळातले बग दुसरे शोधणार आहेत. मग भाषा आपोआप मऊ होते.

दुसरी गोष्ट खेळात शिकवता येत नाही, ती तोंडाने सांगावी लागते. खेळात चिठ्ठी असते. बिघाड आहे हे आधीच ठाऊक असतं. खऱ्या ॲपमध्ये किती बग आहेत हे कुणीच सांगत नाही, आणि शंभर चाचण्या हिरव्या आल्या म्हणून बग नाहीत असं सिद्ध होत नाही. तेव्हा अधूनमधून एखाद्या डावात कोरी चिठ्ठी द्या. मशीन बरोबर चाललंय. आठ प्रश्न संपल्यावर मुलांनी काय म्हणायचं? "बिघाड नाही" म्हणायचं, की "आम्ही या आठ वयांत बघितलं, तिथे सापडला नाही"? दुसरं उत्तर देणारा गट जिंकला.

आणि एक सूचना, ही जरा गंभीर आहे. हे सगळं स्वतःच्या खेळावर, स्वतःच्या फोनवर, किंवा ज्याने परवानगी दिलीय त्याच्या प्रोग्रॅमवर करायचं. शाळेच्या निकालाच्या वेबसाइटवर, बँकेच्या ॲपवर "बघू तरी काय होतं" म्हणून शिरायचा प्रयत्न करायचा नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत घुसणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली गुन्हा ठरू शकतो. चांगल्या हेतूने केलं होतं, हे नंतर सांगत बसावं लागतं.

आता तुमच्या फोनवर आत्ता करता येईल असं काम. कॉन्टॅक्ट्स उघडा आणि "क्षितिजा" हे नाव लिहा. आपल्या हिशेबाने अक्षरं तीन: क्षि, ति, जा. फोनच्या हिशेबाने मात्र आठ. क, पाय मोडणारं हलंत चिन्ह, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज, काना. म्हणजे एखाद्या फॉर्मने "नाव जास्तीत जास्त दहा अक्षरी" असं ठरवलं तर चार अक्षरी "ज्ञानेश्वरी" त्यात मावत नाही, तिचे अकरा होतात. जोडाक्षरं ही आपल्या भाषांची कड आहे, आणि ती तपासायला आपल्यापेक्षा चांगले टेस्टर कुठून मिळणार? २०१८ मध्ये तेलुगूतलं 'ज्ञा' सारखं एक जोडाक्षर मेसेजमधून आलं की आयफोनवरची ॲप बंद पडत होती. ॲपलला त्यासाठी खास अपडेट काढावं लागलं.

तर नाव लिहून झालं की शेवटी एकदाच बॅकस्पेस दाबायचा. काना जाईल, की अख्खा "जा" जाईल? मग कर्सर "क्षि"च्या बरोबर मध्ये नेता येतो का ते बघा. शोधाच्या रकान्यात नुसतं "क" लिहिल्यावर क्षितिजा सापडते का, तेही बघा. प्रत्येक वेळी अंदाज आधी लिहायचा, मग बोट लावायचं. काय केलं, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, अशा तीन ओळींत मला पाठवा. फोनचं मॉडेल आणि कीबोर्ड कुठला तेही लिहा, नाहीतर मला तुमचा बग इथे पुन्हा दाखवता येणार नाही.